इनपुट फिल्टरचा कपॅसिटर निवडताना: एक्स, वाय, बल्क आणि पावसाळ्यात उडणारा आरसीसीबी

प्रश्न थोडक्यात असा. गोव्यात कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका पॅकिंग मशीनच्या पॅनेलमधला २४ व्होल्ट, ५ अँपिअरचा एसएमपीएस (लाईनच्या एसीचा डीसी करून देणारा स्विचिंग सप्लाय) बंद पडला. उघडल्यावर फेज आणि न्यूट्रलच्या मधला ०.४७ मायक्रोफॅरडचा चौकोनी कपॅसिटर फुगून तडकलेला दिसला. तसाच मिळेना, म्हणून ०.४७ चाच, पण ६३० व्होल्ट छापलेला पॉलिएस्टर कपॅसिटर लावला आणि मशीन सुरू झालं. आता विचारलंय ते हे: हा कपॅसिटर ठेवावा का? त्याऐवजी १ मायक्रोफॅरडचा लावला तर फिल्टर आणखी चांगला होईल का? पावसाळ्यात पॅनेलचा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे जमिनीकडे करंट गळला की पुरवठा तोडणारा स्विच, उडतो, त्याचा याच्याशी संबंध आहे का? आणि मालीम जेटीवरच्या ट्रॉलरच्या २४ व्होल्ट बॅटरीवर चालणाऱ्या कन्व्हर्टरला असाच फिल्टर चालेल का?

आधी पहिल्याचं उत्तर: तो ६३० वाला आजच काढा. फ्यूज आणि बाकी बोर्ड शाबूत असेल तर हा फेज-न्यूट्रलमधला, म्हणजे एक्स, कपॅसिटर न लावताही एसएमपीएस चालतो. फिल्टर कमकुवत होईल, शेजारच्या सेन्सरला थोडा आवाज, म्हणजे तारांतले नको असलेले जलद चढउतार, पोचेल, पण आग लागणार नाही. योग्य भाग हातात येईपर्यंत ती जागा रिकामी ठेवणं जास्त शहाणपणाचं.

६३० व्होल्ट हा आकडा डीसीचा आहे. त्याच कपॅसिटरचं एसी रेटिंग उत्पादकाच्या तक्त्यात बहुधा २२० ते २५० व्होल्टच्या आसपास दिलेलं असतं. आपला पुरवठा २३० व्होल्ट, अधिक-उणे १० टक्के, म्हणजे नियमात राहूनही २५३ व्होल्टपर्यंत जातो. पण नुसत्या व्होल्टेजने तो मरत नाही. पॅनेलमधला कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा मोठा रिले) सुटतो तेव्हा, जवळची मोटर बंद होते तेव्हा, मे-जूनमध्ये किंवा ऑक्टोबरात वीज कडाडते तेव्हा लाईनवर हजार-दोन हजार व्होल्टचे क्षणिक झटके येतात. एक्स-२ कपॅसिटरला आयईसी ६०३८४-१४ या मानकाखाली आधी २.५ किलोव्होल्टचे झटके देतात. त्यानंतर कमाल तापमानावर, रेटेड व्होल्टेजच्या १.२५ पट लावून, १००० तास चालवतात आणि त्यात दर तासाला ०.१ सेकंद १००० व्होल्ट देतात. शिवाय तो पेट घेतो का हे वेगळं तपासतात. साध्या पॉलिएस्टर कपॅसिटरवर यातलं काहीच झालेलं नसतं. अँप्लिफायरमध्ये तो वीस वर्षं टिकेल. लाईनवर मात्र तो अर्धवट शॉर्ट होतो, एखादा अँपिअर करंट खात तापत राहतो, आणि ३.१५ अँपिअरच्या फ्यूजला त्याचा पत्ताही लागत नाही. धोका असतो तो याच अर्धवट शॉर्टचा. पूर्ण शॉर्ट झाला तर फ्यूज तरी उडतो.

म्हणून इनपुट फिल्टरमध्ये 'किती मायक्रोफॅरड' हा शेवटचा प्रश्न. हा भाग कुठल्या दोन तारांमध्ये बसलाय आणि तो बिघडला तर काय होईल, हे आधी बघायचं. फेज-न्यूट्रलमध्ये असेल तर एक्स वर्ग: बिघडला तर आग. फेज किंवा न्यूट्रलपासून अर्थकडे (जमिनीच्या तारेकडे) असेल, किंवा प्रायमरीपासून सेकंडरीकडे, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या लाईनकडच्या बाजूपासून आउटपुटकडे, तर वाय वर्ग: बिघडला तर माणसाला शॉक. त्यामुळे पुरेशा व्होल्टेजचा वाय-२ एक्स-२ च्या जागी लावता येतो, पण एक्स कधीही वायच्या जागी लावायचा नाही, मूल्य तंतोतंत जुळलं तरी.

दुकानात भाग हातात घेतल्यावर काय वाचायचं? अंगावर 'एक्स-२' ठळक असलं पाहिजे, आणि व्होल्टेज एसीच्या नागमोडी चिन्हासह. २७५ चालतो. ३०५ किंवा ३१० मिळत असेल तर तोच घ्या, किमतीत फारसा फरक पडत नाही. रात्री भार उतरल्यावर जिथे २६० च्या वर व्होल्टेज दिसतं तिथे २७५ वाल्याकडे शिल्लक अशी काही उरत नाही. प्रमाणपत्रांच्या खुणा असतात. त्या छापायला काही लागत नाही, त्यामुळे एकट्या खुणांवर विसंबू नका. पायांमधलं अंतर आधी मोजा: ०.१ ला बहुधा १५ मिलिमीटर, ०.४७ ला १५ किंवा २२.५, आणि १ मायक्रोफॅरडला २२.५ किंवा २७.५. पाय वाकवून बसवलेला मोठा कपॅसिटर मशीनच्या कंपनाने सोल्डर तोडतो.

आता आपल्याकडे सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कमी वाचली जाणारी खूण. कपॅसिटरवर ४०/१०५/२१ किंवा ४०/११०/५६ असे तीन आकडे असतात. पहिला उणे तापमान, दुसरा कमाल तापमान, आणि तिसरा म्हणजे ४० अंश आणि ९३ टक्के आर्द्रतेच्या चाचणीत किती दिवस ठेवला ते. गोव्यात जून ते सप्टेंबर हवाच त्या चाचणीच्या जवळपास असते, तेव्हा २१ वाला घेऊच नका. ५६ वाला किमान. नवीन डिझाइन करत असाल किंवा पॅनेल किनाऱ्याजवळ बसणार असेल तर ८५ अंश, ८५ टक्के आर्द्रता, रेटेड व्होल्टेजवर १००० तास अशी चाचणी झालेली मालिका मागा. बऱ्याच उत्पादकांकडे ती आहे, आकाराने थोडी मोठी असते.

याचं कारण आत आहे. पॉलिप्रॉपिलीनच्या पट्टीवर जस्त-अ‍ॅल्युमिनियमचा थर असतो, काही दहा नॅनोमीटर जाडीचा. तो पातळ असतो म्हणूनच कपॅसिटर स्वतःला दुरुस्त करतो: एखाद्या जागी पट्टी फुटली की भोवतालचा धातू उडून जातो आणि शॉर्ट आपोआप तुटतो. पण इपॉक्सीच्या कडेने ओल शिरली आणि वर सतत एसी व्होल्टेज राहिलं, की हाच थर कडेपासून गंजत आत जातो. कपॅसिटर शॉर्ट होत नाही, फुगत नाही, वासही येत नाही. फक्त ०.४७ चा ०.३ होतो, मग ०.१५. मशीन चालूच राहतं. शेजारच्या लोडसेलचं (वजन मोजणाऱ्या सेन्सरचं) वाचन नाचायला लागतं आणि शोध सेन्सरमध्ये सुरू होतो. पॅनेल उघडलंच आहे तर एक्स कपॅसिटरचं एक टोक सोडवून मोजा. छापील मूल्यापेक्षा २० टक्क्यांहून जास्त खाली असेल तर बदला. जुन्या मशीनमध्ये पिवळसर पारदर्शक अंगाचे, धातू चढवलेल्या कागदाचे एक्स कपॅसिटर सापडतात आणि त्यांच्या अंगावर बारीक भेगांचं जाळं असतं. ते मोजत बसू नका. भेगेतून ओल आत गेलेली असते, आणि बरेच दिवस बंद ठेवलेलं मशीन चालू केल्यावर त्यातून भसकन धूर निघतो. दिसला की काढायचा.

बनावट किंवा चुकीचा माल ओळखायला एलसीआर मीटरवर १ किलोहर्ट्झला मूल्य आणि 'डी' म्हणजे डिसिपेशन फॅक्टर, कपॅसिटरमध्ये वाया जाणाऱ्या ऊर्जेचं माप, बघा. पॉलिप्रॉपिलीनचा डी साधारण ०.००१ च्या आसपास किंवा खाली येतो, पॉलिएस्टरचा ०.००४ ते ०.००८. पॉलिप्रॉपिलीन म्हणून विकलेल्या कपॅसिटरचा डी ०.००६ येत असेल तर दुकानदाराशी बोलायला हरकत नाही. स्वस्त मीटर इतक्या खालचं नीट दाखवत नाहीत, म्हणून आधी खात्रीच्या एखाद्या भागावर तुमचं मीटर पारखून घ्या.

दुसरा प्रश्न: १ मायक्रोफॅरड. तुमच्या फिल्टरचा हिशेब मांडू. कॉमन मोड चोक, म्हणजे एकाच गाभ्यावर फेज आणि न्यूट्रलच्या दोन गुंडाळ्या असलेली कॉइल, १० मिलिहेन्रीचा धरा. त्याच्या दोन गुंडाळ्या एकमेकींशी शंभर टक्के जुळलेल्या नसतात. साधारण एक टक्का, म्हणजे १०० मायक्रोहेन्री, गळतीचं इंडक्टन्स उरतं, आणि फेज-न्यूट्रलमधल्या आवाजासाठी तेच कामाला येतं. १०० मायक्रोहेन्री आणि ०.४७ मायक्रोफॅरड यांची जोडी २३ किलोहर्ट्झच्या आसपास वळते, म्हणजे तिथून वरचा आवाज दाबायला लागते. कंडक्टेड एमिशनची (उपकरणातून तारांवाटे बाहेर पडणाऱ्या आवाजाची) मर्यादा १५० किलोहर्ट्झपासून सुरू होते. तिथे ही जोडी कागदावर ३२ डेसिबलच्या आसपास आवाज कमी करते. ०.४७ चा १ केलात तर आणखी साडेसहा डेसिबल मिळतील, तेही फक्त फेज-न्यूट्रलमधल्या आवाजासाठी. पॅनेलमधला उपद्रव बहुतेक वेळा अर्थच्या वाटेने फिरणारा, कॉमन मोडचा असतो. त्यावर एक्स कपॅसिटरचा जवळजवळ काहीच परिणाम नाही.

आणि वाढवण्याची किंमत असते. पिन असलेल्या प्लगवर चालणारं उपकरण असेल, तर प्लग उपटल्यावर एक्स कपॅसिटरमध्ये राहिलेला चार्ज बोटाला बसू नये म्हणून समांतर रेझिस्टर लागतो. जुना सोपा नियम असा: एकूण कपॅसिटन्स ०.१ मायक्रोफॅरडपेक्षा जास्त असेल तर आर गुणिले सी एका सेकंदाच्या आत. चोकच्या दोन्ही बाजूंना ०.४७ असतील तर एकूण ०.९४, तेव्हा ४७० किलोओहमचे दोन रेझिस्टर सिरीजमध्ये, म्हणजे ९४० किलोओहम, वेळ ०.८८ सेकंद. दोन का? पाव वॉटच्या एका रेझिस्टरची व्होल्टेज सहनशक्तीच २५०-३०० व्होल्टची असते, वॉटेज पुरलं तरी. दोघांत मिळून २५३ व्होल्टला ०.०७ वॉटही जळत नाही. एक ०.४७ बदलून १ लावलात की हा रेझिस्टर अपुरा पडतो, आणि ही गोष्ट दुरुस्तीत हमखास विसरली जाते. तेव्हा ०.४७ च्या जागी ०.४७.

इन्व्हर्टरवर चालणारी जागा असेल तर आणखी एक सांगायला हवं. चौकोनी वेव्हच्या स्वस्त इन्व्हर्टरवर एक्स कपॅसिटर गुणगुणतो आणि तापतो, कारण वेव्हच्या उभ्या कडेला त्यातून करंटचा झटका जातो. कपॅसिटर जितका मोठा तितका हा त्रास जास्त. दोष कपॅसिटरचा नसतो.

तिसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे आरसीसीबीकडे, वळायचं तर वाय कपॅसिटर बघावे लागतात. हे दोन असतात, फेज ते अर्थ आणि न्यूट्रल ते अर्थ, बहुधा निळी सिरॅमिक चकती, २.२ किंवा ४.७ नॅनोफॅरड. रंगावरून काही ठरवू नका, अंगावर वाय-२ किंवा वाय-१ वाचा. अर्थ नसलेल्या, दोन पिनच्या वस्तूत प्रायमरी-सेकंडरीच्या मधे वाय-१ लागतो. यांच्यातून कायम थोडा करंट अर्थकडे जातो. हिशेब साधा: २ गुणिले π (३.१४) गुणिले ५० हर्ट्झ गुणिले कपॅसिटन्स गुणिले व्होल्टेज. २.२ नॅनोफॅरड आणि २३० व्होल्टला ०.१६ मिलिअँपिअर. ४.७ ला ०.३४, आणि व्होल्टेज २५३ झालं तर ०.३७. न्यूट्रल जवळपास अर्थच्याच पातळीवर असल्याने एरवी फेजकडचाच मोजायचा. पण न्यूट्रल तुटला तर दोन्ही धरावे लागतात. अर्थ असलेल्या सामान्य उपकरणाला ३.५ मिलिअँपिअरपर्यंत मुभा असते, म्हणजे एकटा एसएमपीएस तिच्यापासून कोसभर लांब आहे.

मग आरसीसीबी का उडतो? ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी १५ पर्यंत उडू नये आणि ३० च्या आत उडावा असा बनवलेला असतो. मधे कुठेही उडाला तरी तो बरोबरच. समजा एका आरसीसीबीवर आठ एसएमपीएस आहेत: ३ मिलिअँपिअर. त्यावरच सिंगल-फेज व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारे ड्राइव्ह) तीन आहेत, प्रत्येकाच्या आतल्या फिल्टरमधून ४ मिलिअँपिअर: १२. झाले १५, आणि अजून पाऊस सुरूच झालेला नाही. हीटरच्या टोकाला धरलेली ओल, केबल ग्लँडमधून उतरलेलं पाणी, मोटरच्या टर्मिनल बॉक्समधला दमटपणा यांनी पाच-सात मिलिअँपिअर भरले की सकाळी पहिला माणूस स्विच टाकतो आणि आरसीसीबी खाली. स्विच टाकताना वाय कपॅसिटर चार्ज होण्याचा क्षणिक झटकाही त्यात मिळतो, म्हणून तो बहुतेक वेळा चालू करतानाच उडतो.

इथे वाय कपॅसिटर कापून टाकण्याचा मोह होतो आणि कापल्यावर आरसीसीबी थांबतोही. करू नका. आवाज मोकळा सुटतो, आणि खरी ओल कुठे आहे ते झाकलं जातं. लीकेज मोजणारा क्लॅम्प मीटर घ्या, साधा क्लॅम्प मिलिअँपिअर दाखवत नाही. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र त्याच्या जबड्यातून घाला, आणि एकेक फीडर चालू करत आकडा लिहून काढा. कोरड्या दिवशी एकदा आणि पावसात एकदा. जो आकडा दोन्ही दिवशी तोच राहतो तो फिल्टरांचा. जो वाढतो तो ओलीचा, आणि दुरुस्ती तिथे करायची. फिल्टरांचाच आकडा १० च्या वर असेल तर भार दोन आरसीसीबींत विभागा. इलेक्ट्रॉनिक भारासाठी आरसीसीबी 'ए' प्रकारचा हवा. जुन्या पॅनेलमध्ये 'एसी' प्रकार असतो, आणि रेक्टिफायरमागे झालेला दोष त्याला नीट दिसत नाही.

अर्थिंगचं बोलल्याशिवाय वायचं बोलणं पुरं होत नाही. अर्थची तार सुटली किंवा टर्मिनल गंजलं, तर दोन समान वाय कपॅसिटर मिळून चेसिसला पुरवठ्याच्या निम्म्यावर, ११५ व्होल्टच्या आसपास, नेऊन ठेवतात. करंट अर्ध्या मिलिअँपिअरच्या खाली असल्याने जीव जात नाही, पण पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात. 'एसएमपीएस शॉक देतो' ही तक्रार जवळजवळ नेहमी इथूनच येते. एसएमपीएस बदलून काही होत नाही. आपल्याकडची जांभ्याची जमीन उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत होते आणि अर्थचा रोध चढतो, म्हणून एप्रिल-मे मध्ये अर्थपिटात पाणी घालायचं. पॅनेलमध्ये फिल्टरचं धातूचं अंग रंग खरवडून, दातेरी वॉशर लावून थेट पत्र्याला बसवा. नुसती लांब हिरवी तार ५० हर्ट्झला अर्थ असते. दहा मेगाहर्ट्झला ती निव्वळ चोक आहे. आणि फिल्टरमध्ये येणारी व त्यातून निघणारी वायर एकाच डक्टमध्ये शेजारी घालू नका, आवाज फिल्टरला वळसा घालून पुढे जातो.

चोक सहसा जात नाही, पण भंगारातून काढून बसवला जातो तेव्हा घोळ होतो. करंट रेटिंग असं काढा: २४ गुणिले ५ म्हणजे १२० वॉट, ८७ टक्के कार्यक्षमतेने इनपुट १३८ वॉट. पीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट) नसलेल्या सप्लायचा पॉवर फॅक्टर ०.६ धरा आणि व्होल्टेज पडून १८० झालं असं धरा: १.२८ अँपिअर. चोक २ ते २.५ अँपिअरचा घ्या. दोन्ही गुंडाळ्यांची दिशा तपासायला त्या सिरीजमध्ये जोडून इंडक्टन्स मोजा. एका जोडणीत एकाच्या चौपट, ४० मिलिहेन्रीच्या आसपास येईल; उलट जोडणीत काही शे मायक्रोहेन्री. लाईनचा करंट एका गुंडाळीतून जाऊन दुसरीतून परत येताना या दुसऱ्या जोडणीसारखा फिरला पाहिजे. उलटं झालं तर गाभा पहिल्याच अर्ध्या सायकलमध्ये चुंबकीय मर्यादेपर्यंत भरतो, चोक गुरगुरतो आणि फिल्टर असून नसल्यासारखा.

आता ब्रिजच्या (एसीचा डीसी करणाऱ्या रेक्टिफायरच्या) पुढचा मोठा इलेक्ट्रोलायटिक, म्हणजे बल्क कपॅसिटर. तुमचा फुटला नाहीये, पण एक्स कपॅसिटर गेला त्या वयात हाही आलेला असतो. २५३ व्होल्टला डीसी ३५८ होतं, २७० ला ३८२. ४०० व्होल्टचा बसतो, पण ४५० चाच घ्या. मायक्रोफॅरडसाठी २३० व्होल्टच्या पुरवठ्याला वॉटमागे एक हा ठोकताळा चालतो: १३८ वॉटला १५०. पडताळून बघा: १८० व्होल्टला शिखर २५२ डीसी, पुढच्या शिखरापर्यंत सात मिलिसेकंद कपॅसिटरने एकट्याने भार ओढायचा, म्हणजे ०.९७ ज्यूल. १५० मायक्रोफॅरड असेल तर तळ २२५ व्होल्टला लागतो. झिजून ६० उरला असेल तर १७७ ला, आणि बरेच सप्लाय त्याच्या आधीच बंद होऊन पुन्हा चालू होतात. 'संध्याकाळी व्होल्टेज उतरलं की पीएलसी (मशीन चालवणारा कंट्रोलर) रिसेट होतो' ही तक्रार आली की आधी हा कपॅसिटर काढून मोजा.

पण निवड मायक्रोफॅरडवर संपत नाही. वरच्याच आकड्यांत लाईनचा करंट १.२८ आणि सरासरी डीसी ०.५८ धरला तर कपॅसिटरमधून १.१४ अँपिअर रिपल, म्हणजे भरण्या-उतरण्याचा करंट, फिरतो, स्विचिंगचा वेगळाच. १५० मायक्रोफॅरड, ४५० व्होल्टच्या साध्या स्नॅप-इन कपॅसिटरची १०५ अंशांवरची रिपल क्षमता याच्या आगेमागेच असते. म्हणून २२० घ्या, किंवा जागा असेल तर १२० चे दोन समांतर. दोघांत करंट वाटला जातो आणि पृष्ठभागही जास्त मिळतो.

आयुष्याचा हिशेब आपल्या हवेत डोळे उघडणारा आहे. दर १० अंश कमी तापमानाला आयुष्य दुप्पट. बंद पॅनेलमध्ये मे महिन्यात आतली हवा ५५ अंश आणि कपॅसिटर ७५ अंश धरा. १०५ अंश, २००० तासांचा कपॅसिटर १६,००० तास देतो: चोवीस तास चालणाऱ्या मशीनवर दोन वर्षांहून कमी. ५००० तासांचा साडेचार वर्षं. आणि ८५ अंशांचा २००० तासवाला साडेपाच महिने. सुट्ट्या दुकानात स्वस्तात मिळतो तो बहुतेकदा हाच शेवटचा असतो, तेव्हा अंगावरचं तापमान वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

फ्यूज, एमओव्ही (व्होल्टेजचे झटके अडवणारी चकती), एनटीसी (चालू करतानाचा करंट रोखणारा, तापल्यावर रोध कमी होणारा रेझिस्टर) आणि ब्रिज हे एकत्रच ठरवावे लागतात. फ्यूज फेजमध्ये, सर्वांत आधी, ३.१५ अँपिअर, टाइम-लॅग. काचेचा नको, वाळू भरलेला सिरॅमिक. काचेचा मोठ्या शॉर्टला आतल्या आत आर्क धरतो आणि फुटतो. सिरॅमिक १५०० अँपिअरपर्यंत तोडतो. एमओव्ही फ्यूजच्या नंतरच. बोर्डावर १४डी४३१ असेल तर तो सलग २७५ व्होल्टपर्यंतचा आहे. व्होल्टेज चढतं तिथे १४डी५११ लावा, ३२० व्होल्टचा. झटक्याला तो ५० अँपिअरवर सुमारे ८४५ व्होल्टला अडवतो, ४३१ वाला ७१० ला. पुढचा ब्रिज म्हणूनच १००० व्होल्टचा हवा, ४ अँपिअरचा पुरे. न्यूट्रल तुटून ४०० व्होल्ट आले तर कुठलाही एमओव्ही वाचवत नाही. तो तापून शॉर्ट होतो आणि फ्यूज नेतो, हेच त्याचं काम. थर्मल कटऑफ असलेला मिळाला तर उत्तम.

एनटीसीला १० ओहम घेतला तर २६४ व्होल्टच्या शिखरावर चालू केल्यावरचा झटका ३७ अँपिअर. ५ ओहमला ७५. २२० मायक्रोफॅरडमध्ये तेव्हा १५ ज्यूल भरायचे असतात आणि ते एनटीसीतून जातात, म्हणून छोटी चकती चालत नाही: १०डी-१३ किंवा त्याहून मोठी घ्या, आणि माहितीपत्रकात कमाल कपॅसिटन्स दिलेला असतो तो बघा. त्याची कमजोरी पावसाळ्यात दिसते. माडाची झावळी तारेवर पडते, वीज जाऊन दोन सेकंदांत परत येते. तोवर बल्क कपॅसिटर रिकामा झालेला असतो आणि एनटीसी अजून गरम, म्हणजे ओहमभरसुद्धा रोध नाही. झटका पुरा बसतो आणि ब्रिज जातो. अशा जागी एनटीसीला समांतर रिले, किंवा पॅनेलला अर्ध्या-एक मिनिटाचा ऑन-डिले टायमर. टायमर स्वस्त पडतो आणि मला तोच पटतो.

बदललेल्या भागांभोवतीचा फ्लक्स आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा. फ्लक्स आणि खारी हवा मिळून फेज-न्यूट्रलच्या ट्रॅकमध्ये वाहता थर तयार होतो. बोर्ड पूर्ण वाळवून मग कन्फॉर्मल कोटिंग (ओल रोखणारा लाखेसारखा थर) द्या. ओलीवर कोटिंग मारलं तर ओल आतच कोंडते.

चालू करण्याआधी पहिल्यांदा ६० वॉटचा सिरीज बल्ब लावा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला पाहिजे. भगभगीत राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे. बल्ब काढून बल्क कपॅसिटरवर २३० ला ३२५ व्होल्टच्या आसपास मोजा. बंद केल्यावर तो २.२ किलोओहम, १० वॉटच्या वायरवाउंड रेझिस्टरने तीन-चार सेकंद उतरवा. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करण्याची खोड सोडून द्या, कपॅसिटरच्या आतलं कनेक्शनही त्याने जातं.

राहिला ट्रॉलर. तिथला फिल्टर वेगळाच. एक्स-वायचा तिथे संबंध नाही. २४ चे १२ व्होल्ट करणारा, ५ अँपिअरचा कन्व्हर्टर धरा: आत ६७ वॉट. कन्व्हर्टरची गंमत अशी की व्होल्टेज पडलं की तो करंट जास्त ओढतो, म्हणजे २४ व्होल्टला तो उणे ८.६ ओहमसारखा वागतो. समोरच्या फिल्टरचा स्वतःचा रोध त्याच्या बराच खाली आणि दबलेला नसेल तर दोघे मिळून डोलायला लागतात आणि व्हीएचएफ रेडिओ सेटमध्ये घरघर येते. १० मायक्रोहेन्री, ५ अँपिअरला न भरणारा चोक घ्या. पुढे १० मायक्रोफॅरड, ५० व्होल्टचे दोन सिरॅमिक. २४ व्होल्ट डीसी लागल्यावर दोघांचे मिळून वीसचे दहाच्या आसपास उरतात, हे गृहीतच धरायचं. या जोडीचा रोध १ ओहम, वळण १६ किलोहर्ट्झला. दाबायला समांतर १०० मायक्रोफॅरड, ६३ व्होल्टचा साधा इलेक्ट्रोलायटिक. इथे 'लो ईएसआर' (आतला रोध कमी असलेला) किंवा पॉलिमर लावू नका. त्याच्यातला अर्धा-पाऊण ओहमच तर हवा आहे.

हा इलेक्ट्रोलायटिक नसताना चालू बॅटरीवर वायर टेकवली तर सिरॅमिकवर व्होल्टेज दुप्पट उडी मारतं. चार्जिंगवरची बॅटरी २८.८ ची, म्हणजे ५७.६ व्होल्ट, आणि ४० व्होल्टची आयसी तिथेच संपते. एसएमबीजे३३ए हा टीव्हीएस (झटके अडवणारा डायोड) समोर लावा, पण तो पूर्ण झटक्याला ५३ व्होल्टला अडवतो, म्हणून कन्व्हर्टर ६० व्होल्टचाच निवडा. इंजिनाच्या कंपनाने सिरॅमिक तडकून शॉर्ट होतात. बॅटरी तेव्हा शेकडो अँपिअर देऊ शकते. म्हणून ७.५ अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या टोकापासून वीतभर अंतरावर लावा. केबिनमध्ये कन्व्हर्टरजवळ बसवलेला फ्यूज मधल्या वायरला वाचवत नाही.